संगणकाची मोडलेली झोप

अकोल्याच्या मे महिन्यातील दुपारी डोळा लागावा आणि दर मिनिटाला कुणी दारावर थाप मारावी, तशी लॅपटॉपची गत होत असते. काम नसले की प्रोसेसर क्षणार्धात झोपी जातो. झोप जितकी सलग व गाढ, तितकी वीज कमी. परंतु पडद्याआडचे काही प्रोग्रॅम ‘नवे काही आले काय?’ एवढेच पाहण्यासाठी त्याला सेकंदाला कितीतरी वेळा उठवितात. काम शून्य, बॅटरी मात्र खाली! वीज गेलेल्या खेड्यात अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याला ही चैन परवडणारी नाही.

पूर्वी लिनक्सचे अंतर्गत घड्याळच प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा उठवी. २००७ साली २.६.२१ या आवृत्तीत ही सक्ती सैल झाली आणि खरे अपराधी उघडे पडले. त्याच वर्षी इंटेलने ‘पॉवरटॉप’ काढला. कोण किती वेळा उठवितो, त्याची तो यादीच मांडतो. विंडोज ७ पासून ‘पॉवरसीएफजी’ हा प्रोग्रॅमही साठ सेकंद पाहणी करून अहवाल देतो.

तपासताना चार्जर काढावा, हातचे काम बंद ठेवावे आणि यादीतील एकेक प्रोग्रॅम थांबवून आकडा पाहावा. सगळेच एकदम बंद केले तर चोर कोण, ते कळावयाचे नाही.