घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला स्किमर लावायचा का?



बंदीच्या दोन महिन्यांत पोरं घरी असली की काहीतरी नवीन सुरू होतंच. यंदा तीन-चार सभासदांच्या घरी समुद्री माशांच्या काचेच्या टाक्या आल्यात. दुकानदार प्रोटीन स्किमर घ्या म्हणतो, घ्यायचा का, असं सगळेच विचारतात. वस्तू स्वस्त नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

स्किमरचं काम आपल्याला नवं नाही. पावसाळ्यात दर्या खवळला की किनाऱ्यावर पिवळट फेस येऊन पडतो ना, तोच प्रकार. पाण्यात विरघळलेली घाण, माशांचा चिकटा, मेलेलं शेवाळ हवेच्या बुडबुड्याला धरून वर येतं. स्किमरच्या नळकांड्यात पंप अगदी बारीक बुडबुडे सोडतो, फेस वर चढून कपात पडतो, कप आपण ओतून धुवायचा. त्या काळपट पाण्याचा वास एकदा घ्या, म्हणजे काय बाहेर गेलं ते कळेल! हीच घाण टाकीत कुजली की अमोनिया होतो, त्याचा नायट्राइट, मग नायट्रेट. अमोनिया मासे मारतो. स्किमर घाण कुजायच्या आधी काढतो. तयार झालेला नायट्रेट तो काढत नाही, त्याला पाणीच बदलावं लागतं. गोड्या पाण्यात हे यंत्र चालत नाही, फेस धरतच नाही.

आमचं मत असं: शंभर लिटरच्या आतली टाकी, दोन-तीन मासे आणि दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलायची तयारी असेल तर स्किमर नको. टाकी मोठी, मासे जास्त, तर घ्याच. त्याने पाण्यात हवाही मिसळते. पण वीज गेली की तोही बंद, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू दे. आमच्या कार्यालयातल्या टाकीला स्किमर होता. त्या भरवशावर येणारा-जाणारा बांगड्याचे तुकडे टाकायचा. एका रात्री वीज गेली, सकाळी पाच मासे उलटे.

पाणी जेटीवरचं भरू नका. डिझेलचा अंश असतो, तेलाने फेस बसतो. पावसात मांडवी-जुवारीच्या तोंडाशी तर पाणी गोडसरच असतं.

आता बोटमालकांसाठी. प्रवाळाच्या टाकीला पाणी फारच स्वच्छ लागतं, तिथे स्किमर बहुतेक लागतोच. म्हणून हौशी लोक जेटीवर येऊन "जाळ्यात प्रवाळ आलं तर द्या, पैसे देतो" म्हणतात. देऊ नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, बोटसुद्धा जप्त होऊ शकते. ग्रँड आयलंडच्या बाजूला जाळ्यात तुकडा आला तर तिथेच दर्यात सोडा.

खारटपणा मोजायचं हायड्रोमीटर संस्थेत आहे. १.०२५ च्या आसपास हवा. बाटलीत पाणी घेऊन या, मोजून देऊ.