जिभेचा ताण सुटला, की सूर मोकळा होतो

पनवेल आणि आसपासच्या गावांत भजन हा घराघरांचा संस्कार आहे. विरूपाक्ष आणि बल्लाळेश्वराच्या जुन्या देवळांपासून नव्या वसाहतींतील सभागृहांपर्यंत भजनी मंडळे आढळतात. नोकरीच्या काळात लोकलच्या डब्यात टाळांच्या साथीने अभंग म्हणत मुंबई गाठणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे गेली आहे. या पिढीतील काही जण आता पुढच्या रांगेतून मागे सरकतात, मग केवळ टाळ धरतात आणि एके दिवशी घरीच थांबतात. कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ‘आवाज गेला, वय झाले.’

वयाचे कारण खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. आवाज बिघडण्यात पुष्कळदा एका दुर्लक्षित अवयवाचा वाटा असतो. तो अवयव म्हणजे जीभ. तिच्यातील नकळत साठलेला ताण कमी करता आला, तर थकलेला आवाजही बराच मोकळा होऊ शकतो. गाणे सुटले, की त्याबरोबर मंडळ सुटते आणि सोबतीही सुटतात. म्हणून हा विषय केवळ कलेचा नाही, आरोग्याचाही आहे.

वयाबरोबर काय बदलते

वाढत्या वयात स्वरतंतूंमधील स्नायू काहीसे बारीक होतात आणि त्यांवरचे ओलसर आवरण कोरडे पडते. दोन्ही स्वरतंतू पूर्वीसारखे नीट मिटत नाहीत. परिणामी आवाजात हवा मिसळते, तो लवकर थकतो आणि थरथरतो. छातीचा पिंजरा ताठर झाल्यामुळे श्वासही पूर्वीइतका पुरत नाही.

येथवरचा बदल नैसर्गिक आहे. अडचण सुरू होते ती पुढे. पूर्वीची पट्टी आणि पूर्वीचा जोर टिकवण्यासाठी गाणारा नकळत गळा आवळतो, हनुवटी वर करतो आणि जिभेचे मूळ मागे ओढतो. हा जादा ताण वयाने आणलेला नसतो. तो वयाशी केलेल्या झटापटीतून येतो आणि म्हणूनच तो सोडवता येतो.

जीभ आणि स्वरयंत्र

आरशात दिसते ती जीभ म्हणजे तिचा केवळ पुढचा भाग. तिचे मूळ घशात खोलवर जाते आणि घोड्याच्या नालेसारख्या एका लहान हाडाला जोडलेले असते. या हाडास कंठिकास्थी म्हणतात. शरीरातील इतर कोणत्याही हाडाशी त्याचा सांधा नसतो. ते स्नायूंच्या आणि बंधांच्या आधारानेच तोललेले असते आणि स्वरयंत्र त्यालाच खालून टांगलेले असते. म्हणून जिभेचे मूळ आवळले, की स्वरयंत्राची मोकळी हालचाल अडते. जीभ मागे सरकल्याने घशातील पोकळी अरुंद होते आणि आवाज ‘गिळल्यासारखा’ येतो. वरच्या स्वरांवर तो चोंदतो किंवा फुटतो.

आपल्या पूर्वसूरींनी या अंगाचा बारकाईने विचार केला होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणारा तो ‘संदष्ट’ आणि तोंड भयंकर पसरून गाणारा तो ‘कराली’. अलीकडच्या काळात मुंबईत प्राध्यापक बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी आवाजाच्या शास्त्राचा कसून अभ्यास केला. कुमार गंधर्व हे त्यांचेच शिष्य. क्षयाच्या दीर्घ आजारामुळे कुमारांचे गाणे काही वर्षे थांबले होते. बरे झाल्यावर फुफ्फुसांची शक्ती उणी असतानाही त्यांनी त्याच श्वासाला साजेशी गायकी घडवली. आपल्यासाठी त्यातला बोध स्पष्ट आहे. शरीर बदलले, तर त्यावर जबरदस्ती करू नये. गाण्याने शरीराशी जुळवून घ्यावे.

आपल्या जिभेत ताण आहे का?

अंगठा हनुवटीच्या हाडामागील मऊ भागावर हलकेच टेकवा. आवंढा गिळा. तेथील स्नायू खाली दाबला जाऊन कडक होतो, हे जाणवेल. आता सुखाने झेपेल अशा सुरात ‘आ’ लावा आणि एकेक सूर वर जा. तो भाग मऊ राहिला, तर उत्तम. गिळताना होतो तसा कडक होऊ लागला, तर त्या सुरापासून जिभेवर ताण येतो, असे समजावे. आरसाही मदत करतो. ‘आ’ म्हणताना जिभेचे टोक खालच्या दातांमागे टेकलेले असावे. ते आत ओढले जात असेल, तर तेही ताणाचेच लक्षण आहे.

एक गैरसमज येथेच दूर करू. सैल जीभ म्हणजे निश्चल किंवा सपाट जीभ नव्हे. ‘ई’ म्हणताना जिभेचा मधला भाग वर उठणारच आणि ‘क’ म्हणताना मागचा भाग टाळूला टेकणारच. म्हणून चमच्याने किंवा बोटाने जीभ दाबून धरू नये. त्याने ताण वाढतोच.

दहा मिनिटांचा सराव

पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, पावले जमिनीला टेकवून बसा. पाण्याचे दोन घोट घ्या. सराव जेवणानंतर लगेच करू नये.

१. खालचा जबडा सैल सोडा. ओठ मिटलेले, दात किंचित विलग आणि जीभ तोंडात विसावलेली. असे पाच संथ श्वास घ्या.

२. जिभेचे टोक खालच्या दातांमागे टेकवून मधला भाग हळूच पुढे फुगवा आणि मागे न्या. असे पाच वेळा करा.

३. जांभई येताना घसा मोकळा होतो, तसा तो होऊ द्या आणि हलक्या उसाशासह वरच्या सुरातून खाली घसरत या. असे तीन वेळा करा.

४. ओठ मिटून ‘म्’ असा गुंजारव करा आणि ओठ उघडून त्याच सुरात ‘मा’ म्हणा. हे मधल्या सप्तकातील सोप्या सुरांवरच करावे.

५. जीभ खालच्या ओठावर सैल ठेवून एकाच सुरात ‘आ’ म्हणा. उच्चार स्पष्ट येणार नाही आणि तो यावा अशी अपेक्षाही नाही. येथे जिभेला मागे पळू न देणे एवढेच शिकायचे आहे.

६. जबडा फारसा न हलवता ‘या-या-या’ आणि मग ‘ला-ला-ला’ म्हणा. काम जिभेला करू द्या.

७. शेवटी आपल्या आवडीच्या अभंगाची एक ओळ आधी केवळ आकारात आणि नंतर शब्दांसह गा. अधूनमधून अंगठा हनुवटीखाली ठेवून पाहा.

दुखू लागले, खोकला आला किंवा चक्कर वाटली, तर थांबावे. गिळण्याचा त्रास असलेल्यांनी, तसेच तोंडाची किंवा घशाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रोज थोडा सराव करणे हे आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा हितकर आहे.

याच्या जोडीला पट्टी एक-दोन सुरांनी उतरवा. त्यात कमीपणा काही नाही. उंच पट्टीचा अट्टहास हेच पुष्कळदा ताणाचे मूळ असते.

घरच्यांनी लक्ष द्यावे अशा गोष्टी

सर्वप्रथम कवळी पाहा. ती सैल झाली असेल, तर जीभ दिवसभर तिला धरून ठेवण्याच्या कामी लागते. मग गाताना ती सैल कशी होणार? दंतवैद्याकडून कवळी नीट बसवून घ्या. तोवर जीभ बाहेर काढण्याचा सराव टाळून गुंजारवावर भर द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे तोंडाची कोरड. अॅलर्जी, नैराश्य, रक्तदाब आणि लघवीच्या तक्रारींवरील काही औषधांनी तोंड सुकते. औषध स्वतःहून बंद करू नये, मात्र डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट अवश्य घालावी. दिवसभर घोट-घोट पाणी पीत राहणे चांगले. हृदयविकारात किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी, अन्यथा तोंडात बुरशी येऊ शकते. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल वर येऊन घसा खवखवतो, तेही टाळावे.

तिसरी गोष्ट म्हणजे बोलणे. ‘आता पुरे, घसा बसेल’ असे वारंवार म्हटले, की वृद्ध व्यक्ती संकोचाने आणखी आवळून गाते. त्याऐवजी आपणही शेजारी बसून गुणगुणावे. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणाची तपासणी करून घ्यावी. स्वतःचा सूर नीट ऐकू न आल्यानेही माणूस जोर लावतो.

सराव नव्हे, तपासणी हवी तेव्हा

पुढील लक्षणे ताणाची म्हणून सोडून देऊ नयेत. दोन-तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, जिभेवरची दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना वेदना, थुंकीतून रक्त, मानेत गाठ यांपैकी काहीही असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्यांनी तर मुळीच विलंब लावू नये. आवाज हळूहळू क्षीण आणि एकसुरी होत असेल व हालचालीही मंदावल्या असतील, तर कंपवाताची शक्यता तपासावी लागते.

आणि जीभ अचानक जड झाली, बोबडे बोलणे सुरू झाले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

तपासणीत गंभीर काही आढळले नाही, तर वाक्-उपचारतज्ज्ञांचे मार्गदर्शन उपयुक्त ठरते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था आहे. रीतसर गाणे शिकायचे असेल, तर लोकलने सहज जाता येईल अशा वाशीला गांधर्व महाविद्यालय आहे.

भजनी मंडळांनाही एक विनंती. महिन्यातून एखादे भजन ज्येष्ठांच्या पट्टीत ठेवावे आणि पहिला अभंग त्यांना सांगावा. पेटीवाल्याने दोन सूर खाली यावे, तरुणांनी मागून झील धरावी. येत्या एकादशीपासून हे करून पाहता येईल. आपल्या घरातील थांबलेल्या आवाजाला तेवढे निमंत्रण पुरेसे असेल.