यंदाचा संच

2002 साली चॅनल व्हीच्या स्पर्धेतून ‘विवा’ हा पाच मुलींचा बँड निघाला. त्याच नावाचा पहिला अल्बम आला आणि पाठोपाठ पाचातली एक, महुआ कामत, बाहेर पडली. काही वर्षांत उरलेल्या चौघींनीही गाशा गुंडाळला. माणूस गेला की बँडचा जीव गेला, हे शहरी पॉपचं गणित. भंडाऱ्यात ते कुणाला सांगायला गेलात तर समोरचा सरळ विचारेल, ‘मंग दुसरा नाई भेटला का?’

इथं संच बदलायचाच असतो. बलिप्रतिपदेपासून साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या पट्ट्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. प्रत्येक गावाचा दिवस आपापला, म्हणून पाहुण्यांना आणि गाणाऱ्यांना या गावाहून त्या गावाला जाता येतं. दिवसा गोवाऱ्यांच्या ढाली, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, रात्री नाटक. एवढ्या मागणीला तीच ती माणसं पुरायची कशी? शेतीची कामं उरकली की बयाना येतो आणि बयान्याप्रमाणे संच जुळतो. कुणी धानाच्या कापणीत अडकतो, कुणाला दुसरी पार्टी चार पैसे जास्त देते.

खडी गंमतीत हे उघड दिसतं. मंच नाही, पडदा नाही, सगळे उभे. शाहीर मधोमध, ढोलकी कमरेला बांधलेली, चोनका काखेत, साथीचा सूर धरणारे झीलकरी मागे. बक्षिसाची नोट पुढे आली की गाणं मध्येच थांबतं, देणाऱ्याचं नाव-गाव पुकारलं जातं, मग ढोलकी सोडल्या जागेवरून गाणं उचलते. नवा झीलकरी नेमका इथं ओळखू येतो. त्याची झील पळभर उशिरा येते. आणि दुय्यम सामना असला, दोन शाहीर समोरासमोर, तर गेल्या साली त्या बाजूला असलेला गडी यंदा या बाजूनं तितक्याच जोरात ओरडतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

नाटकाचा पसारा मोठा. बहुतेक कंपन्यांचं ठाणं भंडाऱ्याबाहेर, गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजला. गावचं मंडळ नाटक ठरवतं ते फलकावरची नटांची नावं बघून. ऑर्गन-तबल्याशेजारी आता ऑक्टोपॅडही आला. हा धंदा शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, चिकटून वाढला: दिवसा बैल, रात्री नाटक. 2014 साली शर्यतींवर बंदी आली, 2021च्या अखेरीस परवानगी मिळाली. मधल्या काळात नाटक पटाविनाही चाललं. 2023 साली या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईनं झाडीपट्टी, म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडचा हा पट्टा, नकाशावर शोधली असेल.

पॉप बँडच म्हणायचा तर तो धुमाल. गाडीवर बेंजो, पॅड, ढोल-ताशे, कर्णे आणि डोळे दिपवणारे दिवे. लग्न असो की मिरवणूक, फिल्मी गाणं बेंजोच्या तारांवरून असं येतं की मूळ गाणारा बाजूलाच राहतो. यांचा पहिला अल्बम म्हणजे कुणीतरी मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर चढवलेली मिरवणूक. मला त्यात कमीपणा वाटत नाही. स्टुडिओतल्या धुमालला घामाचा वास येणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीपट्टीची दंडार, तिची बोली, तिची रंगभूमी पुस्तकांतून नोंदवली, म्हणून आज निदान कागद तरी आहे. आवाजाची तशी नोंद कोण ठेवणार? व्हिडिओवर पार्टीचं नाव असतं, सुपारी घेणाऱ्याचा फोन नंबर असतो. बेंजो कुणी वाजवला, झील कुणी धरली, हे नसतं. आणि संच दरवर्षी फुटत असल्यामुळे पार्टीच्या नावावरून ते पुढे शोधताही येत नाही. दोन सालांनी त्याच नावाखाली दुसरीच माणसं वाजवत असतात. व्हिडिओ चढवणाऱ्यानं सन, गाव आणि वाजवणाऱ्यांची नावं टाकली, तर एका ओळीचं काम आहे. मंडळांनी बयाना देतानाच ती लिहून घ्यावीत.