डिस्क जाईल त्या दिवसासाठी

घरी मोठा स्टोरेज सर्व्हर बांधायचा म्हटलं की जो तो विचारतो, किती टीबीचा? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते असं: यातली एक डिस्क जाईल, त्या दिवशी काय होईल? डिस्क जाणार हे नक्की असतं, कधी एवढंच ठाऊक नसतं. त्यामुळे सगळा आराखडा त्या दिवसापासून मागे येत येत आखावा लागतो.

हे काम एका मैत्रिणीचं होतं. ती दशावतारावर माहितीपट करते. दिवाळीनंतर सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की तिचा मुक्काम कुडाळ-सावंतवाडीकडे. चित्रीकरण फोर-के, प्रोरेस ४२२ एचक्यू. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर त्याचा वेग ७३७ मेगाबिटच्या आसपास जातो, म्हणजे तासाला साधारण ३३० जीबी. चार तासांचा प्रयोग दोन कॅमेऱ्यांनी टिपला की एका रात्रीत अडीच टीबीच्या वर माल जमतो. हे सगळं पुण्यातल्या तिच्या फ्लॅटमध्ये, कपाटात, सुट्या डिस्कांवर होतं. एक डिस्क हातात घेऊन विचारलं, “ही शेवटची कधी लावली होतीस?” ती म्हणाली, “लावायचीच भीती वाटते. यातल्या राजाचं काम करणारे काका आता नाहीत.”

अनेक डिस्क एकत्र बांधून त्यातली एखादी गेली तरी माहिती शाबूत ठेवायची, या कल्पनेला पक्कं रूप मिळालं ते १९८८ साली. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी रेडवरचा शोधनिबंध मांडला. तेव्हाच्या डिस्क मेगाबाइटमध्ये मोजायच्या. आज एक डिस्क १६ टीबीची असते, आणि एका राखीव डिस्कवर भिस्त ठेवायचा जुना हिशोब इथेच बिघडतो. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की उरलेल्या डिस्क वाचून ती भरावी लागते. सेकंदाला २०० एमबीचा वेग सतत मिळाला तरी १६ टीबी भरायला २२ तास लागतात, आणि तसा सतत वेग मिळत नाही. सहा डिस्कांचा भरलेला गट असेल तर या काळात उरलेल्या पाच डिस्कांवरचे ८० टीबी वाचले जातात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर साडेबारा टीबी वाचनामागे एखादा सेक्टर वाचता न येण्याची शक्यता धरलेली असते, सर्व्हरच्या डिस्कला १२५ टीबीमागे. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात. पण दुसरा आधार नसताना त्या भरवशावर काकांचा प्रयोग ठेवायला माझं मन तयार होईना.

म्हणून झेडएफएस ही फाइल सिस्टिम आणि त्यातली रेड-झेड-२ ही रचना घेतली. एका गटातल्या कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी ती तग धरते. झेडएफएस जन्मली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू ॲरेन्स यांनी २००१ साली तिचं काम सुरू केलं, आणि २००५ मध्ये ती ओपनसोलारिसमधून सर्वांसाठी खुली झाली. तिची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ती त्या ब्लॉकपाशी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. डिस्कने चुकीची माहिती बिनदिक्कत दिली तरी ती पकडली जाते, आणि उरलेल्या डिस्कांवरून दुरुस्तही होते. महिन्यातून एकदा स्क्रब चालवला की सगळा साठा या नजरेखालून जातो. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फायलींसाठी याहून चांगली राखण मला माहीत नाही.

आता गट किती डिस्कांचा? बारा डिस्कांचा एकच गट केला तर जागा जास्त मिळते. तरी आम्ही सहा-सहाचे दोन गट ठरवले, त्यातला पहिला लगेच आणि दुसरा पुढे. सहांतल्या चार डिस्कांची जागा वापरायला मिळते, म्हणजे ६४ टीबी. संगणक मात्र १०२४ च्या पटीत मोजतो, त्यामुळे पडद्यावर आकडा ५८ च्या जवळ दिसतो. एकेक डिस्क वाढवत नेण्याची सोय ओपन-झेडएफएसच्या २.३ आवृत्तीत, जानेवारी २०२५ मध्ये आली. पण एकच डिस्क गेलेली सोसणारी रेड-झेड-१ बांधली की तिची रेड-झेड-२ करता येत नाही. ती गाठ पहिल्याच दिवशी पक्की होते, म्हणून या एका निर्णयावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला.

डिस्क घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: ती एसएमआर नको. त्या प्रकारात शेजारचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. जागा वाढते, पण मधलं एक बदलायचं तर पुढची रांग उचलून पुन्हा रचावी लागते. एरवी हे जाणवत नाही. गट पुन्हा भरण्याची वेळ आली की मात्र तासांचे दिवस होतात. शिवाय एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या सहा डिस्क घेऊ नयेत. एका घाण्यातून निघालेल्या डिस्क एकाच सुमाराला दगा देऊ शकतात.

बाकीचा बराच माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला. ईसीसी मेमरी घेणारा जुना सर्व्हर बोर्ड आणि आयटी मोडमधलं एलएसआय ९२११-८आय कार्ड. त्या मोडमध्ये कार्ड स्वतः रेड करत बसत नाही, डिस्क जशीच्या तशी झेडएफएसच्या हाती देतं. उद्या कार्ड जळालं तर कुठलंही दुसरं चालतं. डिस्क नव्या मशिनला कुठल्याही क्रमाने जोडल्या तरी झेडएफएस आपला गट ओळखते. केबल मात्र तपासून घ्यावी लागते. एका टोकाला चौकोनी कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला चार साटाच्या शेपट्या, अशी ही केबल फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन जातींत येते. दिसायला दोन्ही सारख्या, पण कार्डाकडून डिस्ककडे जायला फक्त फॉरवर्ड चालते. पॉवरचे जोड घेताना ओतीव प्लॅस्टिकचे साटा कनेक्टर नाकारले. त्यांच्या आतल्या तारा एकमेकींना टेकून वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं आहेत. तार दाबून बसवलेली आणि मागून उघडून पाहता येणारी जातच घेतली.

वीज चालू होताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते. बारा डिस्क एकदम फिरू लागल्या तर २८८ वॅट निव्वळ त्यांनाच लागतात, मग फिरत्या राहिल्या की सत्तरच्या आत. पॉवर सप्लाय निवडायचा तो त्या पहिल्या काही सेकंदांसाठी. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबलो नाही. यूपीएस असा घेतला की वीज गेल्याचं तो यूएसबीवरून सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. याची परीक्षा मेन स्विच खाली ओढूनच घ्यायची.

गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी बिघाडाच्या चार ठळक खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. धोक्याच्या घंटेवर विसंबता येत नाही, याला याहून मोठा पुरावा नको. म्हणून डिस्क गटात घेण्याआधीच तिला पूर्ण ताण दिला. बॅडब्लॉक्स ही आज्ञा चार वेगवेगळे नमुने सबंध डिस्कभर लिहिते आणि प्रत्येक परत वाचते. १६ टीबीला यात आठवड्याहून जास्त जातो. नव्या डिस्कचं दुखणं असेल तर ते इथेच, कोरी असतानाच बाहेर यावं.

मग लेबलं. लिनक्स डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, पण ती दर वेळी तीच राहतील याची हमी नाही. म्हणून गट बांधला तो अनुक्रमांकांवरून, आणि प्रत्येक डिस्कच्या समोरच्या कडेवर त्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरं ठळक चिकटवली. एक डिस्क गेल्यावर घाईत भलतीच चांगली डिस्क उपसणं, हा या सबंध व्यवहारातला सर्वांत खरा धोका आहे. सर्व्हर भरायच्या आधी तिच्याकडूनच रंगीत तालीम करून घेतली. मी बाहेरच्या खोलीत. तिने सूचना वाचली, लेबल शोधलं, डिस्क काढली, दुसरी बसवली आणि आज्ञा दिली. झेडएफएस भरलेले ब्लॉकच नव्या डिस्कवर लिहिते, त्यामुळे गट रिकामा असताना हे चटकन उरकतं.

संपादनाच्या संगणकापर्यंत दहा गिगाबिटची तार टाकली. एका कॅमेऱ्याला सेकंदाला ९२ एमबी लागतात, साधी गिगाबिट लाइन ११० च्या आसपास देते. दोन कॅमेरे समोरासमोर ठेवून कापायचे तर ती पुरत नाही.

एवढं सगळं करूनही हा बॅकअप नव्हे. चोरी, आग, चुकून पुसलेलं फोल्डर, यांवर रेडचं औषध चालत नाही. पुसलेल्यासाठी रोजचे स्नॅपशॉट आहेत. बाकीच्यासाठी दुसरी प्रत तिच्या मामांकडे, कोल्हापूरला. १०० मेगाबिटच्या अपलोडने ४० टीबी पाठवायला ३७ दिवस लागले असते. म्हणून तिथे ठेवायचं मशीन पुण्यातच भरून गाडीतून नेलं. आता रात्री फक्त दिवसभरातला फरक जातो, तोही कुलूपबंद रूपात, त्याची किल्ली कोल्हापूरच्या मशिनवर ठेवलेलीच नाही. तिथेही महिन्याला स्क्रब चालतो आणि निकाल तिच्या मेलवर येतो. मधूनमधून ती तिथली एखादी फाइल मागवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहते. सहा डिस्कांचा दुसरा गट पुढच्या जत्रांच्या आधी बसवायचा आहे. त्यातल्या दोन डिस्क आल्या आहेत, वेगवेगळ्या दुकानांतून, आणि त्यांच्यावर बॅडब्लॉक्स चालू आहे.