आगरकोट ते आगरवेस

अकोल्याच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबलाची ओळ शोधावी लागत नाही, नाकच तिकडे घेऊन जातं. लहानपणी आम्हा वऱ्हाड्यांचा समुद्राशी संबंध आला तो एवढाच. हे येतात कुठून, असं विचारलं की माय म्हणायची, "कोकनातून येतेत बाप्पा. खाय गुमान." ते कोकण पाहायला माझी पन्नाशी उलटली.

अमरावतीचा मित्र अंबा एक्सप्रेसमध्ये आधीच बसून आला होता, मी अकोल्याला चढलो. सकाळी मुंबई, मग गेटवेहून मांडव्याची लाँच, अलिबागहून एसटी. रेवदंड्याच्या तटाशी उतरलो तेव्हा मित्र काळ्या दगडावर हात ठेवून म्हणाला, "हे त आपल्या परकोटाची बहीनच होय ना बे!"

परकोट म्हणजे अमरावतीचा जुना तट. त्याचं म्हणणं हसण्यावारी न्यायचं नव्हतं. दगड तोच, दख्खनच्या लाव्ह्याचा. शिवाय आत नांदतं गाव हेही दोन्हीकडे सारखं. राजाचा वाडा आणि दारूगोळा राखणारे गड आपण पुष्कळ पाहतो. रेवदंड्याचा आणि अमरावतीचा तट मुख्यतः व्यापाऱ्याची पेटी राखायला होता.

रेवदंड्याच्या किल्ल्याला आगरकोट म्हणतात. कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि कोटाच्या आत आजही माडांचीच सत्ता आहे. वाडीतून चालताना मध्येच एक कमान लागते, पुढे चर्चची भिंत, तिच्यावर वाढलेलं झाड. सातखणी बुरूज तेवढा लांबून दिसतो. नाव बुरूज असलं तरी तो फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा मनोरा. त्याच्या पायथ्याशी तोफा पडल्या आहेत. मुलं त्यांच्यावर घोडा घोडा करतात.

घोड्यांचा इथे खराच संबंध आहे. शेजारचं चौल हे फार जुनं बंदर. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन इथेच उतरला आणि पुढे जुन्नर-बिदरकडे गेला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. दख्खनच्या सुलतानांना अरबी घोडे हवेत आणि समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात, अशी पुढची अवस्था. म्हणून 1521 साली बुऱ्हाण निजामशहानं घोड्यांच्या पुरवठ्याच्या बोलीवर पोर्तुगिजांना इथे किल्ला बांधू दिला. 1524 पर्यंत तो उभा राहिला.

पन्नास वर्षांनी बुऱ्हाणच्या नातवाला तो खुपू लागला. 1570 च्या अखेरीस मुर्तझा निजामशहानं चौलच्या या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला. तिकडे विजापूरचा अली आदिलशहा गोव्याला भिडला होता, दोघांचा बेत ठरलेला होता. किल्ला होता, पण शहराला तेव्हा पुरता तटही नव्हता. पोर्तुगिजांनी घरांचेच मोर्चे केले आणि पावसाळा लागेपर्यंत झुंजले. निजामशाही सरदारांना पोर्तुगिजांकडून नजराणे आणि उंची मद्य पोचत होतं, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्यानंच सगळं ठरलं असं मला वाटत नाही. समुद्राकडून रसद चालू असलेलं शहर जमिनीवरून उपाशी मारता येत नाही, हे खरं कारण. 1571 साली तह करून मुर्तझा परत फिरला.

परत फिरला तो आमच्यावर. अचलपूरच्या इमादशाहीत तेव्हा राजा नावापुरता होता आणि कारभार तुफालखानाच्या हाती. मुर्तझानं वऱ्हाडावर चाल केली, 1574 मध्ये नरनाळा घेतला, राजा आणि तुफालखान दोघेही कैद झाले. इमादशाही तिथे संपली. सातपुड्याच्या माथ्यावरचा नरनाळा कुठे आणि खाडीकाठचं हे सपाट गाव कुठे! पण जिथे गलबतं मदतीला येत होती ते टिकलं, आणि ज्याला कुणीच येणार नव्हतं ते पडलं. शाळेत आम्हाला इमादशाहीचा शेवट शिकवला, पण तो करणाऱ्या मुर्तझाला तीन वर्षांपूर्वी समुद्रानं परतवलं होतं, हे कुणी सांगितलं नाही.

पोर्तुगिजांची वसई पडल्यावर 1740 च्या तहानं रेवदंडा आणि समोरचा कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, त्यांची बोली मात्र राहिली. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईत गेलं की ख्रिस्ती वाडीत मराठीशी मिसळलेली पोर्तुगीज आजही घराघरांत बोलली जाते. अभ्यासक तिला क्रिओल म्हणतात, तिथले लोक नुसतंच 'आमची भाषा' म्हणतात. तटाच्या दगडापेक्षा ती जास्त चिवट निघाली.

संध्याकाळी खाडीवर होड्या लागल्या. बांबूंवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले. आम्ही अकोल्याचे, असं सांगितल्यावर कोळीणमावशीनं गावाचं नाव दोनदा विचारलं. तिचा माल आमच्या बाजारापर्यंत जातो की नाही, हे तिलाही सांगता येईना. तो मुंबईच्या व्यापाऱ्याला दिला की तिचा हिशोब संपतो. आमच्या कापूसवाल्यांचंही असंच, हे मित्र बोलला आणि गप्प झाला.

अमरावतीचा परकोट कापूसवाल्यांसाठीच उठला. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांना राखायला निजामाच्या राज्यात 1807 मध्ये तो बांधायला घेतला. उंची 20 ते 26 फूट, घेर सुमारे साडेतीन किलोमीटर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. त्यांतली एक खुनारी खिडकी. 1818 च्या मोहरमात तिच्याजवळ झालेल्या मारामारीत सुमारे 700 माणसं मेल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे पेंढाऱ्यांना अडवायला बांधलेल्या भिंतीच्या सावलीत आपलेच लोक आपसांत कापले गेले. रेवदंड्याला माडांनी झाकलंय, आमच्या परकोटाला दुकानांनी. माड निदान भिंतीला खिळे ठोकत नाहीत.

अकोल्याची गोष्ट आणखी वेगळी. औरंगजेबाच्या काळात, 1697 च्या सुमारास असदखानाच्या नावानं उभा राहिलेला असदगड इंग्रजांनी 1870 च्या आसपास पाडला. त्याच्या एका वेशीचं नाव आगरवेस. आगर नावाचं गाव अकोला तालुक्यात आहे. वेशीवरच्या मराठी शिलालेखात मात्र 1843 साल आणि गोविंद आप्पाजी हे नाव आहे. तेव्हा जुन्या किल्ल्याची डागडुजी झाली असावी, असा माझा तर्क. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पूर्वी विहिरींच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढत, आणि कोकणात मीठ पिकवतात त्या जागेलाही आगरच म्हणतात. नावाचा धागा जुळतो की नाही ते भाषातज्ज्ञांनी ठरवावं. मला घरी पोचेपर्यंत विचार करायला तो पुरला.

अलिबागला जाणाऱ्या वऱ्हाड्यांनी एक दिवस रेवदंड्यासाठी ठेवावा. आणि परत आल्यावर अमरावतीच्या परकोटाला एकदा बाहेरून पायी फेरी घालावी. खिडक्या विचारत, थांबत गेलं तरी दोन तास पुरतात.