पैठणला पाऊस नाही, तरी जायकवाडी भरतं कसं?

पैठणमध्ये कडक ऊन असतं आणि त्याच दिवशी बातमी येते, ‘जायकवाडीत पाण्याची आवक वाढली’. मग कमेंटमध्ये हमखास प्रश्न पडतो, इथे थेंब नाही, पाणी आलं कुठून?

तर ते आलेलं असतं सुमारे दोनशे किलोमीटर वरून, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून.

गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण उतार पूर्वेकडे, म्हणून ही नदी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला वळते आणि तिचं पाणी मुंबईकर पितात!

ज्या भागात पडलेला पाऊस वाहत एकाच ठिकाणी येतो, तो त्या ठिकाणाचा पाणलोट. जायकवाडीचा पाणलोट सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर आहे. पण सगळीकडे पाऊस सारखा नाही. इगतपुरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तर पूर्वेला पर्जन्यछायेत ५००-६०० मिलिमीटरवर भागवावं लागतं. त्यामुळे घाटमाथा बरसला नाही, तर पैठणला कितीही ढग दाटून आले तरी शंभर टीएमसीचं धरण भरणं अवघड. (१ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर.)

आणि भांडण इथेच आहे. घाटमाथ्याचं पाणी आधी गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा या धरणांत अडतं. ती भरली की उरलेलं खाली येतं. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं. पुढे ठरलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला वाटतं, आमच्या उसाचं, द्राक्षाचं पाणी नेलं. मराठवाडा म्हणतो, आमच्या हक्काचं आहे. खरं तर दोघांचा पाऊस एकच.

त्यात सोडलेलं सगळं पाणी पोचतही नाही. कोरडं पात्र आधी स्वतः पाणी पितं, मग डोहांत साचतं. म्हणून पाणी सोडताना वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात आणि काठावरच्या मोटारींची वीज तोडावी लागते. एवढं करूनही वरून किती निघालं आणि पैठणला किती पोचलं, यावर पुन्हा वाद होतो तो वेगळाच.