पाम स्प्रिंग्ज: मुलांना घेऊन भर उन्हाळ्यात?

ऋतूइतकीच उंचीही महत्त्वाची

कॅलिफोर्नियातले पाम स्प्रिंग्ज हे वाळवंटी विश्रामनगर मुलांसाठी फक्त हिवाळ्यातच योग्य, असे मानले जाते. भीती अनाठायी नाही. जुलै २०२४ मध्ये इथे ५१.१ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तरीही सहल अशक्य ठरत नाही, कारण शहराला लागूनच सॅन हॅसिंटो पर्वत उभा आहे. १९६३ पासूनचा एरियल ट्रामवे सुमारे ८०० मीटरवरून २,६०० मीटरवर दहाएक मिनिटांत नेतो. वर पाइनचे जंगल आहे आणि पारा पंधराहून अधिक अंशांनी उतरलेला असू शकतो. २००० पासून त्याचे डबे फिरत्या तळाचे आहेत. जागा न सोडता मुलांना चारही बाजू दिसतात.

बाकी ठिकाणे उघड्यावरच आहेत, हा आक्षेप खरा; तिथे वेळ पाळावी लागते. शेजारच्या पाम डेझर्टमधले लिव्हिंग डेझर्ट प्राणिसंग्रहालय (स्थापना १९७०) उन्हाळ्यात सकाळी लवकर उघडून दुपारीच बंद होते. आग्वा कालिएंते काहुइया जमातीच्या इंडियन कॅनियन्समध्ये ताडांची सावली आहे, पण लहानग्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते, म्हणून तिथेही सकाळच बरी. दुपारसाठी वातानुकूलित एअर म्युझियम आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातली विमाने जवळून पाहता येतात.